तांबड्या ठिपक्याच्या विहिरी

परतुरात रंगांवर इतका जीव टाकणारा दुसरा माणूस झाला नाही, आणि हा एकच झाला तो नेमका तहसिलीत नकाशे काढायला लागला. आमच्या शेजारच्या नकाशेवाल्या काकांना कोरी जागा बघवत नसे. एकदा त्यांनी तालुक्यातल्या पिकांचा नकाशा रंगवला. ज्वारी गुलाबी, कापूस जांभळा आणि तूर मोरपंखी, कारण तो रंग उरला होता. तहसीलदारांनी नकाशा उलटसुलट धरून विचारलं, "यात कापूस कुठंय?" काका म्हणाले, "कापसाचं ऱ्हाऊ द्या साहेब, मोरपंखी कसा खुलून राह्यला ते बघा!"

पुढे गावात पटकीची साथ आली आणि कुठलं पाणी प्यायचं हे लोकांना दाखवायचं काम काकांकडे आलं. त्यांनी चावडीच्या भिंतीवर विहिरींचा नकाशा काढला. खराब विहिरीला तांबडा ठिपका, चांगलीला हिरवा. तेच ठिपके विहिरींच्या कठड्यांवरही दिले. खाली खुलासा लिहिला, तेव्हाच्या सरकारी भाषेत, म्हणजे उर्दूत, अतिशय वळणदार आणि गावात जवळजवळ कुणालाच न वाचता येणारा.

दुसऱ्या दिवशी तांबड्या विहिरींवर नारळ फुटले. तांबडं लागलं म्हणजे देवीचं ठाणं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. हिरवं ते पिराचं, म्हणून तिथल्या पाण्याला कुणी हात लावला नाही. ऐन साथीत देवी प्रकटली म्हणून बाया ओटी भरून तीर्थ पिऊन आल्या. त्यांत सगळ्यांच्या पुढे काकांच्या घरच्या, आमच्या काकू.

संध्याकाळी काकू आडव्या झाल्या. काका उशाशी बसून उकळलेलं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत होते.

"अगं, त्याच विहिरीचं कामून पिलीस?"

"तुम्हीच तर तांबडं लावलं व्हतं," काकू पुटपुटल्या. "मंग मी दुसऱ्या कुणाचं ऐकू?"

काका उठले. शेजारणीला काकूंपाशी बसवून त्यांनी भिंतीवरचे आणि कठड्यांवरचे सगळे ठिपके खरवडले आणि दोन्हीकडे चुलीच्या काजळीनं खराब विहिरींवर पालथी घागर काढली, चांगल्यांवर भरलेली. पोरांना कळलं, मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांनाही कळलं.

काकू वाचल्या. त्या दोघांवर माझी फार माया होती, म्हणून हे लिहितानाही हायसं वाटतं. काकांचे नकाशे मात्र त्यानंतर नुसते काळ्या रेघांचे आणि टिंबांचे झाले. तहसीलदार खूष होते.

हिंडू-फिरू लागल्यावर काकू एकदा चावडीपुढे थांबल्या. "बराबर कळतंय," त्या म्हणाल्या. "पण आधीचं लई देखणं व्हतं."

"आसंल," काका म्हणाले. ते भिंतीकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते.