बाजरीची पिशवी

चौतिसाव्या वर्षी माझा डावा स्तन काढला, आणि ते मला शुद्धीवर आल्यावर कळलं. पुण्याच्या दवाखान्यात नेताना ‘गाठ काढायची आहे’ एवढंच सांगितलं होतं. कागदावर सही नवऱ्यानं केली होती.

“आधी सांगितलं असतं तर तू तयार झाली नसतीस,” तो म्हणाला.

झाले असते. मी श्रीरामपूरला शाळेत शिकवत होते, मला दोन मुलं होती, जगायचं होतं. पण विचारलंच नाही.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टर माझ्याकडे न बघता नवऱ्याशी बोलत होते. परदेशात म्हणे आता छातीत पिशवी बसवतात. एकीत सिलिकॉन असतं, दुसरीत मिठाचं पाणी.

“दोन्हींत फरक काय?” मी विचारलं.

उत्तर त्यांनी नवऱ्यालाच दिलं. “सिलिकॉनची हाताला खरी वाटते. पाण्याची फुटली तर पाणी अंगात जिरून जातं.”

“मग मी पाण्याची घेईन.”

दोघंही हसले. “बाई, ते इथं कुठं मिळायला? आणि मुलं झालीत तुम्हाला. आता कशाला हवंय?”

डॉक्टरांचा पुढचा एक दात बसवलेला होता, हसताना स्पष्ट दिसायचा. मी म्हटलं, “तुमचंही लग्न झालंय, डॉक्टर. मग हा दात कशाला बसवलात?”

त्यांचं हसू थांबलं. नवऱ्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

परतीची एसटी सुपा गावाला आली. तो दातओठ खात म्हणाला, “चार माणसांत अब्रू घालवलीस माझी.”

“आणि माझं काय काय गेलं ते मोजलंस कधी?” मी मोठ्यानं बोलले. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. बघू दे म्हटलं. नगर येईपर्यंत मी बोलतच होते, सहा महिन्यांचं सगळं.

सासूबाई पारनेरकडच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पदर घ्यायचा अंगभर. कुनाला दिसतंय?”

पदर घेऊन फळ्यावर लिहिता येत नाही. मी जुन्या मलमलीची पिशवी शिवली, कापूस भरला आणि पोलक्याला आतून टाचली. कापसाला वजन नाही. हात वर केला की पिशवी गळ्याकडे सरकायची. एकदा वर्गातल्या मुली खाली बघून हसल्या. त्या दिवशी घरी येऊन मी सगळा कापूस चुलीत घातला.

शेजारी मिशनच्या दवाखान्यातली नर्स राहायची. तिनं एका बाईला बाजरी भरलेली पिशवी वापरताना पाहिलं होतं. मी भरून बघितली. वजन बरोबर आलं, चालताना तोल सावरला. पण घामानं दाणे कुबट व्हायचे, उन्हाळ्यात किडे पडायचे. कापूस की बाजरी, एवढीच निवड माझ्या वाट्याला होती. मी बाजरी घेतली आणि दर आठ दिवसांनी बदलली.

जुनी बाजरी मी अंगणात, सगळ्यांसमोर, चिमण्यांना टाकायची. मी पिशवी उलटी करताना दिसले की नवरा उठून आत जायचा. त्याला लाज वाटायची. कशाची, ते मी त्याला कधी विचारलं नाही, आणि अंगण सोडून दुसरीकडे टाकायलाही गेले नाही.