सोमाच्या नावापुढचा शब्द

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काय, ते मलाही नीट माहीत नाही.

माझं सगळं आयुष्य यकृताच्या आजारांवर संशोधन करण्यात गेलं. सुरुवात मोखाड्यातली. बाजाराच्या रस्त्यावर भाड्याची एक खोली, तपासायचं टेबल, रक्ताच्या नळ्या ठेवायला बर्फाचा डबा. पाड्यापाड्यांवरून पोट फुगलेली, डोळे पिवळे झालेली माणसं यायची. असं का होतं, ते मला शोधायचं होतं. खरं सांगू? मला वाटायचं, मला ते आधीच कळलंय.

दाभोसा गावचा सोमा एकदा बायकोला घेऊन आला. जानकी तिचं नाव. सोमा तिशीतला, पावसाळ्यात भातशेती, बाकीचे महिने वसईकडे वीटभट्टीवर. त्याचं पोट तपासलं, तर यकृत निबर झालेलं हाताला लागत होतं. फॉर्मवरचा पुढचा प्रश्न — दारू?

"नाय ओ मॅडम. कधीच नाय. बापाला बघितलाय ना पिऊन मरताना."

हेच वाक्य मी किती जणांकडून ऐकलं होतं! बाहेर रांग होती. मी हसले. जानकीच्या देखत म्हणाले, "माझ्याशी खोटं बोलू नका. यकृत खोटं बोलत नाही." दारू सोडा म्हणून बजावलं, आणि रकान्यात लिहिलं — रोज.

जानकीनं नवऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या नजरेतून सुटलं, असं कसं म्हणू?

रक्ताचे अहवाल मुंबईहून यायला दोन-अडीच महिने लागले. सोमाला हेपॅटायटिस बी होता — विषाणूची कावीळ, वर्षानुवर्षं यकृत पोखरणारी. त्यावर रोजची गोळी असते. तेव्हाही होती. एक रेघ मारून रकाना दुरुस्त झाला असता, निरोप धाडून सोमाला बोलावता आलं असतं. पण तोवर एका परिषदेत मी माझे निष्कर्ष मांडून बसले होते, सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. सोमा त्यात दारू पिणाऱ्यांच्या गटात होता. ती ओळ बदलली असती तर कुणीतरी विचारलं असतं — आणखी किती जणांचं तुम्ही मनानं लिहिलंत?

काय सांगणार होते? सोमा एकटा नव्हता.

मी अहवाल गठ्ठ्यात खाली सरकवला.

भात पोटरीला आलं तेव्हा सोमा परत आला. एकटाच. पाय सुजलेले. म्हणाला, "मॅडम, तुम्ही सोड म्हणालात. पण मी सोडू तरी काय?"

तेव्हा गोळी सुरू केली. कशावरची, ते सांगितलं नाही. उशीर झाला होता — मी केलेला उशीर. कापणी व्हायच्या आत तो गेला.

नंतर दाभोश्याला जाऊन जानकीचं आणि तिच्या लहान मुलीचं रक्त तपासलं. लागण नव्हती. दोघींना लस दिली. "सगळ्यांनाच देतोय," म्हणाले. तेही खोटंच.

परिषदेतला तो शोधनिबंध छापून आला. त्यावर नोकरी, मग विभागप्रमुखपद. आदिवासी पाडे आणि दारू — या विषयावर अजून मला भाषणाला बोलावतात. मी जाते. चांगलं बोलते.

गेल्या उन्हाळ्यात मोखाड्याच्या बाजारात जानकीनंच मला ओळखलं. हात धरून चहाच्या टपरीवर बसवलं. मुलगी साखरशेत गावात दिलीय म्हणाली. मग मी काही न विचारताच ती बोलायला लागली.

"तुम्ही सांगितल्यापासून तो घरी आला का मी त्याचा तोंड हुंगायची. रोज. वास कधी आला नाय. मी म्हणायची, लबाड हाय, लपवतो. मरताना पाणी मागितला, तवा पण आधी हुंगला, मग दिला."

मग म्हणाली, "मॅडम, तो प्यायचा कुठं ओ?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. टपरीत आम्ही दोघीच होतो. घाईही नव्हती.

"आता त्याला खूप वर्षं झाली, जानकी," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. जव्हारची जीप भरत आली होती. मी जाऊन बसले.