खडीसाखरेची प्रतवारी

आईच्या अंगठीतला हिरा मी टूथपेस्टने घासला, तेव्हा माझी नियत साफ होती. हिरा साफ नव्हता, एवढाच काय तो प्रश्न होता.

झालं असं, की आमच्या लेकीचा, केतकीचा साखरपुडा ठरला. मुलगा नंदाखाल गावचा, घरची नारळ-केळीची वाडी, माणसं गोड. आम्ही विरारचे फ्लॅटवाले. व्याह्यांनी केतकीसाठी घेतलेली अंगठी आम्हाला दाखवायला आणली. डबी उघडली आणि आमच्या हॉलमध्ये जादा ट्यूबलाइट लागली. हिरा पांढराशुभ्र! सोबत एक कागद. त्यावर हिऱ्याचा रंग, शुद्धता, वजन, घाट, सगळं छापलेलं. (माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेत माझ्याबद्दल इतकं चांगलं काही लिहिलेलं नव्हतं.) रंगाच्या रकान्यात सगळ्यात वरची पायरी, म्हणजे रंगच नाही. ज्याला रंग नाही तो हिरा रंगात पहिला, हे मला त्या दिवशी कळलं.

पाहुणे गेले आणि आईने स्वतःच्या बोटातली अंगठी काढून माझ्या हातावर ठेवली. "ही पण केतकीला. रविवारी मी माझ्या हाताने तिच्या बोटात घालणार. तोवर सोनाराकडून जरा पॉलिश करून आण." एवढं सांगून ती मावशीकडे चांदीपला गेली, ती शनिवारी सकाळी येणार होती.

मी अंगठी खिडकीपाशी नेऊन बघितली. आमचा हिरा पिवळा होता. मेथीच्या दाण्याइतका पिवळा. लहानपणापासून तो बघतोय, पण शेजारी पांढरा आल्याशिवाय पिवळ्याचं पिवळेपण कळत नाही. व्याह्यांसमोर, अख्ख्या वाडीसमोर, आई हा असा हिरा नातीच्या बोटात घालणार!

"पन्नास वर्षं हळदीत हात आहेत आईचे," मी सुनंदाला म्हटलं. "पिवळा नाही पडणार तर काय होणार?"

"अहो, हिरा आहे तो. बनियन नाही," सुनंदा म्हणाली. सुनंदा माझी बायको. तिचं म्हणणं ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण मी घरच्या घरी हिरा साफ करायचे व्हिडिओ बघितले होते. एकूण अकरा. शिवाय औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात मी तीस वर्षं गोळ्या तपासल्यात. डागाळलेली, टवका उडालेली, रंग बदललेली गोळी ढिगातून नजरेने उचलायची, हेच काम. मला कोण सांगणार पांढरं कशाला म्हणतात ते!

शुक्रवारी सकाळी सुनंदा आणि केतकी ब्लाउज आणायला वसईला गेल्या आणि मी ओट्यापाशी उभा राहिलो. आधी टूथपेस्ट लावली. हिरा पिवळा. मग रिठे. हिरा पिवळाच, फक्त आता त्याला रिठ्याचा वास. मग पातेल्यात खायचा सोडा घालून अंगठी वीस मिनिटं उकळली आणि सांडशीने वर काढली. वाफेत हिरा पांढरा दिसला. देवाशप्पथ सांगतो, दिसला! मी आनंदाने त्यावर ब्रशचा शेवटचा हात फिरवला आणि टक्‌ असा आवाज झाला.

माझ्या हातात अंगठी होती. अंगठीत हिरा नव्हता.

शेजारी परात होती. परातीत दोन किलो खडीसाखर होती, बारीक दाण्याची, पाहुण्यांना द्यायच्या पुड्यांसाठी काढून ठेवलेली. हिरा तिच्यात पडताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. पडल्यानंतर मात्र मला परातीत दोन किलो हिरे दिसायला लागले.

दुपारी दोघी परत आल्या तेव्हा मी हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर पालथा पडून साखरेशी बोलत होतो.

"बाबा, सीरियसली?" केतकी म्हणाली आणि तिथेच बसली. तिचा आवाज रडवेला झाला. "आजीने मला कधीचं प्रॉमिस केलंय हो. लहान असल्यापासून."

ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

सुनंदा शांत होती. ती म्हणाली, "सगळी साखर पाण्यात टाका. साखर विरघळेल, हिरा राहील. पाच मिनिटांचं काम."

किती सोपं, किती बिनडोक्याचं! आणि मग पाहुण्यांच्या पुड्यांत काय भरायचं? शिवाय घरात जाणकार बसलेला असताना बादलीचा आधार घ्यायचा?

"मग खालच्या सुहासला तरी विचारा." सुहास तळमजल्यावर राहतो. मुंबईत हिऱ्यांच्या ऑफिसात कामाला आहे. दिवसभर चिमट्याने हिरे उचलायचे, रंग बघायचा, डाग बघायचा आणि ढीग लावायचे, हीच त्याची नोकरी. पण सुहासला कळलं की त्याच्या बायकोला, मनालीला कळणार, आणि मनालीला कळलं की चांदीपला आईला फोन जाणार. मी तो मार्ग बंद केला.

"आपण प्रतवारी करू," मी जाहीर केलं.

तिघं बसलो. मोबाइलचा टॉर्च, आईचं भिंग, केतकीचा भुवया कोरायचा चिमटा. तीन ढीग लावले. पहिला एकदम पांढरा, दुसरा मध्यम, तिसरा पिवळट. मी एवढा हिरा घासला होता, उकळला होता, तेव्हा तो पहिल्या ढिगात असणार हे उघडच होतं. केतकीने एकदा एक दाणा उचलून "बाबा, हा बघा ना, जरा वेगळा चमकतोय" म्हटलं. मी भिंगातून बघितलं. "पिवळा आहे. तिसऱ्यात टाक." तिने टाकला. (हे वाक्य लक्षात ठेवा. आमच्या घरात ते अजून कुणी विसरलेलं नाही.)

चहाच्या वेळेला तो सापडला. पहिल्या ढिगातला सर्वात पांढरा, सर्वात नितळ, कोपरे धारदार. मी त्यावर फुंकर मारली, वाफ पटकन गेली. (खऱ्या हिऱ्यावर वाफ टिकत नाही, असं व्हिडिओत होतं.) काचेवर ओरखडा काढून बघणार होतो, पण सुनंदा नव्या टीपॉयच्या काचेवर आडवी झाली.

"हाच," मी म्हटलं. "बघा, उकळून कसला पांढरा झालाय."

अंगठीच्या घरात तो थोडा सैल बसत होता, म्हणून गोंदाचा एक थेंब सोडला. अंगठीची डबी देव्हाऱ्यासमोर ठेवली, तीही उघडी, गोंद वाळायला. पांढऱ्या आणि मध्यम ढिगाच्या पुड्या भरल्या.

"आणि हे पिवळट?" सुनंदाने विचारलं. वाटीभर होतं.

"पाहुण्यांना देण्याच्या लायकीचं नाही. टाकून दे."

सुनंदा साखर टाकत नाही. तिने ती वाटी मनालीला नेऊन दिली.

शनिवारी सकाळी आई आली. पिशवीत मावशीकडची वांगी, अंगात उत्साह. पाय धुऊन ती थेट देवापाशी गेली. मी मागे उभा, कौतुकाच्या तयारीत. ती डबीवर वाकली.

"दिनू," ती म्हणाली, "हिऱ्याला मुंग्या कधीपासून लागायला लागल्या?"

मी वाकून बघितलं. देव्हाऱ्याच्या फळीवरून रांग लागली होती. शिस्तीत. डबीवर चढत होत्या, अंगठीला प्रदक्षिणा घालत होत्या, आणि माझ्या प्रमाणित हिऱ्याचा एक कोपरा केव्हाच खाऊन झाला होता.

सगळं कबूल करायला मला अर्धं मिनिट लागलं. आई पाटावर बसली. रिकाम्या बोटावर अंगठा फिरवत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात केतकी किंचाळली, "तिसरा ढीग! बाबा, तो वेगळा चमकत होता! आई, ती वाटी कुठेय?"

"मनालीकडे!" सुनंदा म्हणाली. चार जिने मी लग्नानंतर पहिल्यांदाच धावत उतरलो. सुहासचं दार उघडंच होतं. सुट्टीचा दिवस, बनियनवर सुहास, हातात लिंबू-सरबताचा ग्लास. टेबलावर जग रिकामा. मनालीचा ग्लास रिकामा. तिच्या सासऱ्यांचा ग्लास रिकामा आणि ते मिशा पुसत होते.

"सुहास, गिळू नकोस!" मी दारातूनच ओरडलो.

सुहासने घोट तोंडातच धरला. डोळे मोठे केले. मग जिभेने काहीतरी गालातून पुढे आणलं आणि तळहातावर काढलं.

"काका, काही नाही हो. लिंबाची बी आहे," तो म्हणाला. "दाताखाली आली होती मघाशी. चावतच नव्हती..."

आणि तो थांबला. दिवसभर हिरे बघणारा माणूस आपल्या ओल्या तळहाताकडे बघत राहिला. मग उठला, हिरा धुतला, पुसला, कोरा पांढरा कागद घेऊन मधोमध घडी घातली, खिडकीशी गेला आणि हिरा घडीत पालथा ठेवून बाजूने न्याहाळू लागला. तोवर मागोमाग आई कठड्याला धरत खाली आली होती.

"काका, तुम्ही हा पांढरा करायला निघाला होता?"

"हळद होती त्याच्यावर..."

"हळद नाही ओ. जन्मजात रंग आहे. जमिनीच्या पोटातून असाच आलाय. घासून, उकळून, काही करून हा जाणार नाही." सुहास कागदावरून नजर काढत नव्हता. "थोडा पिवळट असला तर आम्ही त्याला खालच्या पायऱ्यांवर बसवतो. पण हा एवढा भरून पिवळा आहे, की पायऱ्या संपल्या. असा रंग दुर्मिळ. आमच्याकडे पांढरे रोज येतात. असा आला की टेबल सोडून सगळे बघायला उठतात."

मी आईकडे बघितलं. ती हसत होती.

"तुझ्या बाबांनी दोन हिरे दाखवले होते मला," ती म्हणाली. "एक पांढरा, एक हा. पांढरा काचेसारखा वाटला. मी म्हटलं, मला हा हळदीचा द्या. तुला विचारावंसं वाटलं नाही होय रे मला?"

नाही वाटलं. अकरा व्हिडिओ बघितले, पण घरातल्या माणसाला विचारलं नाही.

सुहासच्या ओळखीच्या कारागिराने संध्याकाळपर्यंत हिरा पक्का बसवून दिला. रविवारी आईने तो केतकीच्या बोटात घातला. मुलाच्या आजीने केतकीचा हात उन्हात धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "पानी हाय हो याला." व्याह्यांनी कौतुकाने विचारलं, "असा हिरा निवडला कोणी?" आई म्हणाली, "मी. आणि दिनूने तो निवडून बाजूला टाकला."

तेव्हापासून आमच्याकडे कुठलीही मौल्यवान वस्तू आली की माझं मत कुणी विचारत नाही. वस्तू ओट्यावर ठेवतात आणि मुंग्यांची वाट बघतात.