विश्वबंधुत्वाची उपांत्य फेरी

सांगलीहून निघालेली एसटी संभाजीनगरच्या बसस्थानकात शिरली, तेव्हा बाहेरच्या कमानीवर पाच देशांचे झेंडे फडकत होते. मला बरं वाटलं. महिलांच्या आंतरराष्ट्रीय कबड्डी स्पर्धेला पंच म्हणून मला बोलावलं होतं. शाळेत मुलींना कवायत शिकवणाऱ्या बाईला जग बघायचं, तर ते असं आपल्या एसटीच्या टप्प्यात आल्यावरच.

रिक्षावाल्यानं माझा भ्रम लगेच दूर केला. "मॅडम, झेंडे पाच आये, पन टीमां दोच आये. बाकी के लोगां का व्हिसा अटक गया बोलते."

खरंच तसं होतं. नेपाळ आणि केनिया एवढेच आले होते. जागा भरायला मराठवाड्याचा एक संघ आणि आमच्या सांगलीचा एक संघ घेतला होता. चारच संघ उरल्यामुळे स्पर्धा सुरू होणार होती ती थेट उपांत्य फेरीनं. इतक्या लवकर उपांत्य फेरी गाठलेले संघ मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

उद्घाटनाला स्वागताध्यक्ष खेळ आणि विश्वबंधुत्व यांवर बोलले. उन्हात उभी असलेली नेपाळची एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली, तरी ते बोलतच होते. केनियाच्या दोघींनी तिला उचलून सावलीत नेलं आणि पाणी पाजलं. त्या भाषणानं ऐक्याचं काम केलं नाही, असं म्हणता येणार नाही.

दुपारच्या सामन्यात आमच्या सांगलीच्या मुलींनी नेपाळला हरवलं. त्याला पंच दुसरे होते. केनिया आणि मराठवाडा यांचा सामना एक दिवस सोडून होता आणि तो माझ्याकडे होता.

मधल्या दिवशी सगळ्यांना वेरूळ दाखवायला नेलं. बसमध्ये माझ्या शेजारी केनियाची कर्णधार आचिएंग बसली होती. उंच, शांत मुलगी. तिचं इंग्रजी चांगलं, माझं शाळेपुरतं. कैलास लेणं तिनं वर मान करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे फोडताना चुकले असते, तर काय केलं असतं?"

परतीला खुलताबादला थांबलो. दर्ग्यापाशी पेरूंच्या टोपल्या मांडल्या होत्या. मराठवाड्याची कर्णधार सुरेखा जवळच्या देवगाव रंगारीची, शेतकऱ्याची मुलगी. तिच्या भावानं मोटारसायकलवरून सगळ्यांसाठी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा आणला होता. आचिएंगनं भाकरी हुंगली. "आमच्याकडं या पिठाचा घट्ट गोळा करतात," ती म्हणाली. मी ते सुरेखाला मराठीत सांगितलं.

"व्हय? मग ही आपलीच हाय की!" सुरेखा म्हणाली आणि तिनं आचिएंगच्या भाकरीवर ठेच्याचा आणखी एक गोळा ठेवला. आपलेपणाचा तो गोळा खाऊन आचिएंगच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं तो संपवला.

बसमध्ये तिनं मला घरचं सांगितलं. आई भाजी विकते, दोन धाकटे भाऊ आहेत. त्यांच्याकडच्या तुरुंग खात्याचा कबड्डीचा संघ आहे. इथून पदक घेऊन गेली, तर तिला तिथं नोकरी मिळणार होती. तिसऱ्या क्रमांकाला पदक नव्हतं. म्हणजे अंतिम फेरी गाठायलाच हवी होती. हे मला कळायला नको होतं, असं मला दुसऱ्या दिवशी वाटलं.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या चढाईला केनिया एका गुणानं मागे होती. आचिएंग आत गेली, तिनं दोघींना शिवलं आणि सुरेखाच्या हातातून निसटून मध्यरेषेकडं झेपावली. ध्वनिक्षेपकावर निवेदक "विश्वबंधुत्वाचा विजय असो!" असं ओरडत होता. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. रेषेच्या अलीकडंच तिचा 'कबड्डी'चा जप थांबला, तिनं श्वास घेतला आणि मग ती रेषेवर पडली. कबड्डीत दम तुटला की चढाई करणारी बाद. मी तिला बाद दिलं.

आचिएंगनं फक्त माझ्याकडं पाहिलं. तिच्या प्रशिक्षकांनी मात्र आकाशपाताळ एक केलं.

उस्मानपुऱ्यातल्या हॉटेलात दोन्ही कर्णधार आणि प्रशिक्षकांना बोलावून लगेच बैठक भरली. समोर नान-खलिया (मटणाचा तर्रीदार रस्सा आणि इथला पिवळा नान) मांडलेलं होतं, पण कुणी हात लावत नव्हतं. एकाच्या मोबाइलवर चित्रण होतं. त्यात दोघींना शिवलेलं स्वच्छ दिसत होतं. ऐकू येत होता फक्त विश्वबंधुत्वाचा विजय.

"मॅडम," स्वागताध्यक्ष मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "अंतिम सामना मराठवाडा विरुद्ध सांगली झाला, तर आंतरराष्ट्रीय काय उरलं? उद्या पाहुणे येणार. तुम्हाला ऐकण्यात चूक झाली असेल. जागतिक ऐक्यासाठी एवढं म्हणा."

"चूक झाली नाही."

"शिवाय तुम्ही सांगलीच्या. लोक म्हणतील, केनियाला घाबरून बाईंनी सोपा प्रतिस्पर्धी निवडला."

हे ऐकून सुरेखा उठली. "सोपा? आमी काय वाटंवर पडलोय का?"

मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. त्या मुलीची नोकरी मला माहीत होती. हो म्हणणं फार सोपं होतं. सगळेच खूश झाले असते आणि मीही सुटले असते. पण जे ऐकलं, ते ऐकलं होतं.

शेवटी स्वागताध्यक्ष आचिएंगकडं वळले आणि मोठ्यानं, सावकाश इंग्रजीत म्हणाले, "तू सांग. तुझा दम तुटला नव्हता ना?"

तिच्या प्रशिक्षकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आचिएंग टेबलाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "तुटला होता. बाईंनी बरोबर ऐकलं."

प्रशिक्षकांनी हात काढून घेतला. सुरेखाला इंग्रजी कळत नव्हतं, पण कळायचं ते कळलं. ती टेबलाला वळसा घालून गेली आणि तिनं आचिएंगला घट्ट मिठी मारली. "लई वाघीण हाय ही," ती मला म्हणाली, "सांगा तिला." मी सांगितलं. आचिएंग तेव्हा रडत होती.

दुसऱ्या दिवशी मराठवाड्यानं सांगलीला हरवून आंतरराष्ट्रीय करंडक जिंकला. स्वागताध्यक्षांनी कालच्या प्रसंगाचा उल्लेख 'खिलाडूवृत्तीचं जागतिक दर्शन' असा केला आणि ते आपल्याच पुढाकारानं घडलं, असं सुचवलं. केनियाच्या मुली पहाटेच विमानतळाकडं गेल्या होत्या.

परतीच्या एसटीत, नेवाशाच्या आसपास, स्वागताध्यक्षांचा फोन आला. पुढच्या वर्षी सहकार्याची भावना असलेले पंच बोलावण्याचं ठरलं होतं. मी त्यांना शुभेच्छा दिल्या.

खेळानं जग जवळ येतं का, असं शाळेत सगळे विचारतात. येतं, असं मी सांगते. मात्र ते व्यासपीठावरच्या लोकांना दिसेल अशा जागी येत नाही. त्या मैदानावर एकच गोष्ट दोन देशांतल्या बायकांनी ऐकली होती, आणि दोघींनीही ती नाकारावी असा सगळ्या जगाचा आग्रह होता.

आचिएंगचा नंबर माझ्याकडं आहे. सणासुदीला आम्ही एकमेकींना फुलांची चित्रं पाठवतो. नोकरीचं काय झालं, हे ती सांगत नाही, आणि विचारायला अजून माझी जीभ रेटत नाही.