माका कसातरीच होता

"मॅडम, छातीत दुखत नाही म्हणाल्या त्या. मी दोनदा विचारलं होतं." सायली तेच तेच सांगत होती. सावंतकाकू आदल्या संध्याकाळी चाळीत, घरीच वारल्या होत्या.

सायली म्हणजे डॉ. सायली, मूळची अमरावतीची. डॉक्टर कमी पडतात म्हणून एमबीबीएस एक वर्षाने आखूड केलं, त्यातली ही पहिली तुकडी. कापलं ते नेमकं पेशंटजवळ बसण्याचं वर्ष. पोरगी हुशार, पुस्तक तोंडपाठ. लालबागच्या दवाखान्यात मी तिला शेजारी बसवून शिकवत होते, तेवढ्यात आरोग्य खात्यातल्या साहेबांचा फोन.

"मॅडम, माझगावला डॉक्टरच नाही. तुम्ही तिकडे जा."

"आणि इथे?"

"सायली आहे ना!"

"अहो, कच्ची आहे ती अजून."

"लोक रांगेत उभे आहेत, मॅडम. कच्ची तर कच्ची."

नोकरी म्हटल्यावर गेले. डोकं मात्र भडकलं होतं.

मागे लालबागला सावंतकाकू आल्या. जुन्या डायबेटिसच्या, बोलणं मालवणी. घामाघूम होऊन म्हणाल्या, "माका कसातरीच होता." सायलीने छातीचं विचारलं. नाय. उलटी? नाय. शुगर तपासली, ठीक होती. तिने ॲसिडिटीची गोळी दिली.

आता हे 'कसंतरीच होतंय' पुस्तकात नाही. इथल्या बायका ताप अंगावर काढतात, गुडघे अंगावर काढतात. अशी बाई आपल्या पायांनी येऊन कसंतरी होतंय म्हणते, तेव्हा आधी ईसीजी काढायचा, म्हणजे हृदयाचा आलेख. डायबेटिसवाल्यांना हार्ट अटॅक कधीकधी न दुखताही येतो. सायलीने हे वाचलं होतं. पण काकूंचं बोलणं तिला नुसती कुरकूर वाटली.

काकू गेल्याचं कळलं तशी मी लालबागला धावले. काकूंचा मुलगाही दवाखान्यात आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आई सांगत होती ना तुम्हाला? मग?" एवढंच विचारलं त्याने. सायली रडायला लागली. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

साहेबांना फोन लावला. "सायली एकटी बसणार नाही. मी लालबागला परत येतेय."

"मग माझगावला कोण?"

"ते तुम्ही बघा."

त्यांनी बघितलं. आता मी लालबागला बसते, सायली शेजारच्या खुर्चीवर. बऱ्यापैकी शिकतेय. डॉक्टर लवकर तयार होतो, नाही असं नाही, फक्त त्याच्याजवळ एक जुना डॉक्टर बसवावा लागतो. माझगावच्या दवाखान्याला कुलूप आहे.