विणकराची शाल आणि नागपूरचा मे महिना

मे महिन्यात नागपूरला जाऊ नका, असं मी तुम्हाला सांगतोय. मलाही सगळ्यांनी सांगितलं होतं. मी गेलोच. तेव्हा, सत्तरच्या दशकात, मी पुण्यात मास्तर होतो आणि बुद्धविचारावर एक रूपककथा लिहून बसलो होतो. एक विणकर जन्मभर विणलेली शाल धागा धागा करून उसवतो आणि मुक्त होतो. नागपुरात जरीपटका वस्तीजवळच्या एका विहारात रविवारी दुपारी बायका पुस्तक ऐकायला जमतात, असं कळलं. म्हटलं, त्यांनाच वाचून दाखवू. वहीची प्रत एकच. भुसावळमार्गे पॅसेंजरने निघालो आणि वाटभर ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

स्टेशनाबाहेर तर्रीपोहे जरूर खा, पण तिखट रश्श्याने नाक गळतं, हातात रुमाल ठेवा. सायकलरिक्षावाल्याने सव्वा रुपया घेऊन दोन चौक आधीच उतरवलं. ऊन असं की डोकं फिरावं.

विहारात वीसेक बायका होत्या, बहुतेक कापडगिरणीत काम करणाऱ्या. मी तासभर वाचलं. विहाराचा कारभार पाहणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या, "इतकी मेहनत करून उसवते काहून? घरचे पांघरतीन काय?"

"बाई, ते प्रतीक आहे."

"असंन. पर थंडी तं खरीच लागते ना, सर."

मी मनातून भडकलो. पण विरक्तीवर लिहिणाऱ्याने चिडणं बरं दिसत नाही, म्हणून ऐटीत वही बुद्धमूर्तीपुढे ठेवली आणि वंदन केलं. निघताना उचलायला गेलो, तर शेवंताबाईंनी अडवलं. मूर्तीपुढे ठेवलं ते दान, ते परत घेत नाहीत.

"अहो, दुसरी प्रत नाही माझ्याकडे! चार वर्षं घातलीत मी त्यात!"

"मंग इथंच बसून उतरवून न्या. आमी जेवाले देतो, पाण्याचा माठ बी हाय."

तीन दिवस उतरवत बसलो. घामाने शाई फुटायची. वरणभात वेळेवर यायचा आणि मी दर जेवणाला वही परत द्या म्हणून भांडायचो. गाडीची वेळ झाली तेव्हा शेवटचं प्रकरण राहिलं होतं, सगळं सोडून देण्याचं.

ते मला तोंडपाठ होतं. पुण्यात एका बैठकीत लिहून झालं असतं. पण लिहायला बसलो की वहीसाठी हमरीतुमरीवर आलेला मीच दिसायचो आणि लाज वाटायची. पुस्तक तसंच छापलं. शेवट कुठे आहे, असं वाचक विचारतात. तो नागपूरला आहे. मला तो पुन्हा लिहायला अजून तोंड नाही.