संभाजीनगरात, डब्याशिवाय

चिपळूणहून कुठेही निघायचं म्हटलं की आमच्या गाडीच्या डिकीत कपड्यांच्या बॅगा सगळ्यात शेवटी जातात. आधी जाते ती खाण्याची पिशवी. माझा नवरा शेखर याला गहू चालत नाही. पोळी, पाव, बिस्किट काहीही पोटात गेलं की त्याच्या अंगावर लाल गांधी उठतात. मला वांगं चालत नाही, घसा आतून खाजायला लागतो आणि ओठ सुजतात. आणि आमची मुक्ता, वय वर्षं तेरा, हिला शेंगदाणा चालत नाही. आमच्या दोघांचं प्रकरण गोळीवर भागतं. तिचं भागत नाही. लहानपणी एकदा चिक्कीचा एवढासा तुकडा खाल्ला होता, तेव्हा तिचा श्वास अडकला आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये तिचं इंजेक्शन असतं आणि लग्न असो, मुंज असो, मुक्ता आपल्या डब्यातलं जेवते.

यावेळी निमित्त होतं शेखरच्या आत्याच्या पंचाहत्तरीचं. आत्या मूळची आमच्याकडचीच, पण लग्न होऊन संभाजीनगरला गेली, शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि आता तिथल्या उस्मानपुऱ्यात एकटी राहते. इतक्या वर्षांत तिची बोली पार तिकडची झाली आहे. तिने फोनवर फर्मान काढलं, "घरी रांधायचं आता माझ्यानं होत नाय. रविवारी हॉटेलात बुफे ठेवलाय. सगळ्यांनी यायचं."

कुंभार्ली घाट चढून वर आलो तेव्हा कुठे उजाडत होतं. मागच्या सीटवर झोपलेली वाटणारी मुक्ता अचानक म्हणाली, "आई, रविवारी मी डबा नेणार नाही. सगळे घेतात तसं ताट घेणार, लायनीत उभी राहणार आणि माझं मी वाढून घेणार."

"बघू," मी म्हटलं. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे तिला चांगलं ठाऊक आहे. ती पुढे साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मी मात्र तेव्हापासूनच मनात हिशेब मांडत होते. ज्या मुलखात चटणीपासून आमटीपर्यंत सगळीकडे शेंगदाणा, तिथे हिला बुफेत मोकळं सोडायचं?

पुणे, अहिल्यानगर करत संभाजीनगरात शिरलो तेव्हा दिवस मावळत होता. हवा कोरडी, थंडीचे दिवस, आणि आमच्या दमट कोकणातून गेलेल्या माणसाला ओठांना लावायला आधी तूप शोधावं लागतं. रस्त्यात मधेच एखादा जुना दगडी दरवाजा उभा असतो आणि रिक्षा, दुचाक्या त्याच्या कमानीतून अगदी सहज आत-बाहेर करत असतात. आम्ही मात्र प्रत्येक दरवाजापाशी गाडी हळू करून मान वर करत होतो आणि मागच्यांचे हॉर्न खात होतो.

आत्याने रात्री ज्वारीच्या भाकऱ्या बडवल्या. 'माझ्यानं होत नाय' हे फक्त फोनवर बोलायचं असतं. शेखरची तर चैन झाली. आमच्याकडे त्याला तांदळाच्या भाकरीवर दिवस काढावे लागतात, आणि इथे घरोघरी ज्वारी. मराठवाडा म्हणजे त्याचं माहेरच म्हणा ना. त्याने चौथी भाकरी घेतली तेव्हा आत्या मला म्हणाली, "मेधा, याला जेवायला घालतेस का नाय गं?" मुक्तासाठी तिने आठवणीने शेंगदाण्याचा डबाच शेजारच्यांकडे नेऊन ठेवला होता. मला खरंच भरून आलं.

शनिवारी अजिंठा पाहिला. लेण्यांविषयी मी काय लिहिणार? बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेलं की आधी काही दिसतच नाही, मग हळूहळू भिंतीवर एकेक चेहरा उमटायला लागतो, आणि त्या चेहऱ्यांवरची माया बघून माणूस आपसूक हळू बोलायला लागतो. मुक्ता एका भिंतीसमोर बराच वेळ उभी होती. भूक लागली म्हणून तिथून हलली.

जेवायला फर्दापुरात थांबलो. एका पत्र्याच्या शेडमध्ये एक मावशी चुलीवर भाकरी आणि पिठलं करत होत्या. मी नेहमीसारखी पुढे होऊन विचारलं, "मावशी, पिठल्यात शेंगदाणे आहेत का?"

"नाय ताई. पिठल्यात कुठं शेंगदाणे राहतेत?"

माझा जीव भांड्यात पडला. मुक्ताने ताट हातात घेतलं आणि उगाच गप्पा माराव्यात तसं विचारलं, "कसं करता तुम्ही हे? वास लई भारी येतोय." आत्याचा 'लई' एका रात्रीत तिच्या तोंडी बसला होता.

मावशी खुलल्या. "काय नाय बाळा. तेल तापवायचं, मव्हरी, लसूण, मिरची. मंग पीठ पेरायचं. आन उतरवताना मूठभर कूट लावायचं. कुटाबिगर चव येते व्हय?"

मुक्ताने ताट अलगद खाली ठेवलं. मी चक्रावून म्हटलं, "अहो, कूट शेंगदाण्याचंच ना?"

"व्हय. पर ते कूट झालं ना. शेंगदाणे म्हंजे ते खारे, पोरं खातेत ते."

मावशींनी आम्हाला फसवलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी कूट हा मीठमसाल्यातला प्रकार, तो कुणी मोजतं का? तेल आपलं करडईचं, हे त्यांनी पुढे स्वतःहून सांगितलं. मुक्ता तव्यावरची भाकरी, कांदा आणि भाजलेली मिरची खाऊन उठली. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "आई, 'आहे का' विचारलं की लोक नाही म्हणतात. 'कसं करता' विचारलं की सगळं सांगतात." मी हूं म्हटलं. माझ्या डोक्यात एकच होतं, उद्या डबा करायचाच. आत्याच्या स्वयंपाकघरात मी रविवारी सकाळी लवकर उठून वरणभात आणि बटाट्याची भाजी केली, डबा भरला आणि ओढणीत गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवला.

हॉटेलात आत्याचे शेजारी आणि शाळेतल्या जुन्या मैत्रिणी आधीच जमल्या होत्या. तिथला मॅनेजर जाधव आत्याचा एकेकाळचा विद्यार्थी निघाला. तो येऊन वाकून पाया पडला. "बाई, आज काय कमी पडू देणार नाय." मी त्याला बाजूला घेऊन तिघांची पथ्यं सांगितली. यांना गहू नाही, मला वांगं नाही, मुलीला शेंगदाण्याचा कणही नाही. तो मनापासून मान डोलवत होता. शेवटी म्हणाला, "आलं लक्षात ताई. तुम्ही बिनघोर बसा. तुमचं मी वेगळं बघतो."

आम्ही बिनघोर बसलो. समोर टेबलांवर वाफाळती भांडी मांडली होती. भरली वांगी पाहूनच माझा घसा खाजला. पलीकडे नान-खलिया (इथला मटणाचा झणझणीत रस्सा आणि त्याबरोबर मोठा नान), पनीर, डाळ, भात, जिलबी. लोक एका भांड्यातला डाव दुसऱ्यात बुडवत होते, चमचे अदलाबदल होत होते. मी ते बघत होते आणि मुक्ता माझ्याकडे बघत होती.

थोड्या वेळाने जाधव आला. मागे दोन वाढपी, हातांत झाकलेली ताटं. चेहऱ्यावर असा आनंद की बाईंचं सगळं ऋण आज फिटणार. त्याने मुक्तासमोरचं झाकण स्वतःच्या हाताने उचललं. साबुदाण्याची खिचडी, भगर (म्हणजे आपली वरी), तिच्यावर घालायला शेंगदाण्याची आमटी, आणि वाटीत शेंगदाण्याचा लाडू.

"गहू नाय, वांगं नाय, तिखटजाळ काय नाय," जाधव म्हणाला. "सगळं उपासाचं. खिचडीत कूट डबल घालायला लावलंय, पोरगी लहान आहे म्हणून."

मी ताट झटक्यात लांब सरकवलं. इतक्या झटक्यात की आमटी टेबलावर सांडली. जाधवचा चेहरा खर्रकन उतरला. त्याचं तरी काय चुकलं? घरातली तीन माणसं हे नको, ते नको म्हणतात, वेगळं ताट मागतात, म्हणजे उपास, हे इथे कुणालाही कळतं; पुढचं शेंगदाण्याचं त्याच्या कानावरूनच गेलं असणार. आणि उपासाला शेंगदाणा नाही असं घर त्याने जन्मात पाहिलं नसणार. ज्या एका जेवणात गहू आणि वांगं हमखास नसतं, नेमक्या त्याच जेवणात शेंगदाणा तीन-तीन रूपांत येतो. शेखरला हसू आवरेना. आत्या तर डोळे पुसत होती. मला मात्र हसू येत नव्हतं. मी पर्स उघडली, ओढणी सोडली आणि डबा मुक्तासमोर ठेवला.

मुक्ताने डब्याकडे पाहिलं. "तू आणलासच," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग ती उठली. जाधवकाकांना म्हणाली, "काका, तुमचं काही चुकलं नाही. मला फक्त ज्यांनी स्वयंपाक केलाय ना, त्यांच्याशी बोलायचंय." मी उठायला लागले तशी शेखरने माझ्या मनगटावर हात ठेवला. "जाऊ दे तिला. इथून दिसतेय ती."

जाधवने आतून वस्तादांना (मुख्य स्वयंपाक्यांना) बोलावलं. रशीदभाई कमरेच्या फडक्याला हात पुसत बाहेर आले. मी कान देऊन ऐकत होते. मुक्ताने शेंगदाण्याचं नावही काढलं नाही. पहिल्या भांड्यापाशी उभी राहून म्हणाली, "चाचा, हे कसं करता?"

"खलिया? हौ बेटा, ये बडा काम है. खोबरं, तीळ, खसखस, मूठभर शेंगदाना, सब भूनके बारीक पिसायचं..."

"छान. आणि हे?"

अशी ती भांड्यामागून भांडं चालली. वांग्यात कूट, पनीरच्या रश्श्यात काजूबरोबर थोडं कूट, कोशिंबिरीवर कूट. रशीदभाईंना एवढ्या आस्थेने कुणी विचारलं नसावं, ते फोडणीपासून सगळं सांगत होते. डाळीपाशी आल्यावर म्हणाले, "ये सादी. तूर, हळद, लसूण, जिरं, हिंग. बस."

"तेल कुठलं?"

"सोयाबीनचं. जिलबीचं बी तेच. दुसरं नाय ठेवत."

तेव्हा कुठे तिने खरं सांगितलं. शेंगदाणा खाल्ला तर माझा श्वास बंद पडतो, आणि इथे सगळ्यांचे चमचे सगळ्यांत गेलेत. रशीदभाई एकदम गंभीर झाले. "फिर इसमेंसे बिलकुल नक्को," असं म्हणून त्यांनी तिला आतल्या दारापाशी नेलं. न उघडलेल्या पातेल्यातली डाळ, नवा भात, जिरं घातलेले बटाटे आणि तिथेच तळून पाकातून काढलेली जिलबी. डाव धुऊन तिच्याच हातात दिला. "ले, तू वाढ."

मुक्ता ताट घेऊन आली आणि आत्याच्या शेजारी बसली. ताट दिसायला अगदीच साधं होतं, सगळं पांढरं नाहीतर पिवळं. तिने पहिला घास घेतला. मी पर्समधल्या इंजेक्शनवर हात ठेवून बसले. दुसरा घास. तिसरा. "आई, तू माझ्याकडे बघू नकोस, मला जेवता येत नाही," ती म्हणाली. मग मी माझ्यासमोरचा, तिच्यासाठी केलेला डबा उघडून खायला लागले. भाजी बरी झाली होती, मीठ कमी पडलं होतं.

आत्याने तोवर खिचडीचं ताट स्वतःकडे ओढून घेतलं होतं. "एवढं प्रेमानं केलंय पोरानं, वाया कशाला? आज माझा उपास समजा." आणि उपासाच्या त्या ताटात तिने नान-खलियाही वाढून घेतला. जाधव पुन्हा हसायला लागला, तेव्हा मला हायसं वाटलं. मुक्ताला काही झालं नाही. तिने जिलबी दोनदा आणली, दोन्ही वेळा आपण उठून.

सोमवारी सकाळी निघालो. आत्याने फाटकापर्यंत येऊन मुक्ताच्या हातावर दही घातलं. मला म्हणाली, "पोरगी हुशार आहे. तू जरा बस आता." तिने ते सहज म्हटलं, पण मला गाडीत बसल्यावर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. इतकी वर्षं प्रत्येक ताटाच्या आणि तिच्या मधे मी उभी राहिले. ते काम सोपं नव्हतं आणि ते हातातून सुटतंय याचा आनंद होतोय असं मी म्हटलं तर ते अर्धंच खरं असेल. भीती तशीच आहे. तिच्या जोडीला थोडं रिकामपण आलं आहे.

अहिल्यानगर ओलांडल्यावर एका ढाब्यावर थांबलो. मी सवयीने उठले. मुक्ता म्हणाली, "तू बस." ती सरळ आत भट्टीपाशी गेली आणि मला लांबून नुसते तिचे हात हलताना दिसत होते, कुणीतरी तिला फोडणी समजावून सांगत होतं. शेखर भाकरीची वाट बघत शांतपणे मेनूकार्ड वाचत होता. मी कसंबसं बसून राहिले.

बऱ्याच वेळाने ती आली. हातात दोन ताटं. एक तिने स्वतःसमोर ठेवलं, दुसरं माझ्यासमोर.

"मिक्स भाजीत वांगं घालतात ते," ती म्हणाली. "तुझी वेगळी करायला लावली. जेव आता."